जपानी नैसर्गिक धारेचे दगड: वापरायचे कसे, जपायचे कसे?

सुरी टोमॅटोच्या सालीवरून घसरायला लागली की आपण नवी सुरी आणतो किंवा धारवाल्याची वाट बघतो. जपानमध्ये मात्र स्वयंपाकी, सुतार आणि तलवारींना पॉलिश करणारे कारागीर शतकानुशतकं एका खास दगडावर स्वतःच धार लावत आले आहेत. या दगडाला 'तेन्नेन तोइशी' म्हणतात. 'तेन्नेन' म्हणजे नैसर्गिक आणि 'तोइशी' म्हणजे धारेचा दगड, आपल्याकडचा निसणा.

हा दगड येतो कुठून?

शेवटची बारीक धार देणारे सर्वांत नावाजलेले दगड क्योतो शहराच्या आसपासच्या डोंगरांतले. नाकायामा, ओहिरा, ओकुदो ही तिथल्या खाणींची नावं. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी खोल समुद्राच्या तळाशी अतिसूक्ष्म जीवांचे सिलिकाचे सांगाडे आणि बारीक चिकणमाती साचत गेली. त्यांचे थर दाबले जाऊन हा दगड तयार झाला. त्यातले कण अत्यंत बारीक असल्यामुळेच तो पोलादाला ओरखडे न पाडता घासतो.

आज यांतल्या बहुतेक खाणी बंद आहेत. त्यामुळे चांगला दगड महाग असतो, आणि एकदा फुटला की तसाच दुसरा मिळेल याची खात्री नसते.

प्रकार कोणते?

- आरातो: भरड. बोथट किंवा दाते पडलेल्या पात्यासाठी.
- नाकातो: मध्यम. रोजच्या धारेसाठी.
- अवासेदो: अतिबारीक. शेवटचा हात फिरवण्यासाठी.

कृत्रिम दगडांवर १०००, ३००० असे आकडे असतात. आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक. नैसर्गिक दगडाला असा नेमका आकडा नसतो. एकाच खाणीतले दोन दगडही वेगळे निघतात. साधारणपणे स्वयंपाकाच्या सुरीसाठी थोडा मऊ दगड सोयीचा पडतो, तर वस्तरा आणि रंध्याच्या पात्यासाठी कठीण दगड घेतात.

धार कशी लावायची?

१. सुरी बोथट असेल तर थेट बारीक दगडावर जाऊ नका. आधी १००० च्या आसपासच्या दगडावर धार काढून घ्या. बारीक दगड धार सफाईदार करतो, हरवलेली धार परत आणण्याचं काम त्याचं नाही.

२. दगड ओल्या फडक्यावर ठेवा, म्हणजे तो सरकणार नाही. वर थोडं पाणी शिंपडा. तेल लावू नका.

३. 'नागुरा' नावाचा छोटा दगड किंवा बारीक डायमंड प्लेट त्यावर हलकेच घासा. गढूळ, दाटसर पाणी तयार होईल. ते धुऊन टाकू नका, घासण्याचं बरंचसं काम तेच करतं.

४. दोन्ही बाजूंनी धार असलेली सुरी साधारण १५ अंशांत धरा आणि हलक्या हाताने पुढे-मागे फिरवा. कोन बदलू देऊ नका.

५. मधल्या दगडावर काम करताना पात्याच्या दुसऱ्या बाजूला बोटाला खरखरीत कड जाणवली, की बाजू बदला. बोट धारेच्या दिशेने फिरवू नका, पाठीकडून धारेबाहेर न्या. बारीक दगडावर ही कड हळूहळू नाहीशी करायची असते.

जपानी सुऱ्यांमध्ये बऱ्याचदा कठीण पोलादाला मऊ लोखंडाची जोड असते. नैसर्गिक दगडावर मऊ भाग धुरकट आणि पोलाद उजळ दिसतं. या धूसर झाकेला 'कासुमी' म्हणजे धुकं म्हणतात.

जपायचा कसा?

- भिजत ठेवू नका. अनेक कृत्रिम दगड वापरापूर्वी पाण्यात बुडवून ठेवावे लागतात. अवासेदोला ती सवय लावू नका. हा दगड थरांचा आहे. पाणी थरांत शिरलं तर तो सुटू किंवा फुटू शकतो.
- बाजू बंद करा. पाणी आत जाऊ नये म्हणून दगडाच्या बाजूंना आणि तळाला लाख किंवा वॉर्निश लावतात. घासायचा पृष्ठभाग मात्र मोकळा ठेवा.
- सावलीत वाळवा. वापरून झाल्यावर धुवा, पुसा आणि हवेशीर जागी ठेवा. ऊन, हीटर टाळा. थंड प्रदेशात राहत असाल तर ओला दगड गोठणाऱ्या जागी ठेवू नका. आतलं पाणी गोठून फुगतं आणि दगड तडकतो.
- सपाट ठेवा. वापराने मधोमध खोलगट झाला की धार वाकडी लागते. डायमंड प्लेटने तो वेळोवेळी सपाट करा, पण नेहमी पाणी घालूनच. कोरडं घासल्यास उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसांना घातक असते.

घ्यावा का?

पहिल्यांदाच धार लावायला शिकत असाल तर १००० चा कृत्रिम दगड पुरेसा आहे. त्यावर कोन सांभाळायला हात बसला, की मग नैसर्गिक दगडाकडे वळा. घेताना पातं अडकवणाऱ्या कठीण रेषा किंवा तडे नाहीत ना, हे पाहा. एक रेषाही धार बिघडवू शकते. घरगुती वापरात नीट जपलेला दगड कित्येक वर्षं टिकतो, पुढच्या पिढीच्या हातीही देता येतो.