सारंगाची नली

कोकणातल्या जुन्या मुसलमान घरांत 'नली' हा शब्द अजून ऐकू येतो. नली म्हणजे खलाशाच्या नोकरीचा दाखला. समुद्राच्या हवेत कागद खराब होऊ नये म्हणून तो पत्र्याच्या नळीत ठेवत, त्यावरून दाखल्यालाच हे नाव पडले. बोट कोणती, चढला कधी, उतरला कधी, वागणूक कशी, एवढेच त्यात लिहिलेले असते. माझ्या आजोबांची नली आमच्या घरी आहे. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. रत्नागिरी तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावातून ते खलाशी म्हणून गेले आणि सारंग होऊन निवृत्त झाले.

इतिहास म्हटला की आपण दर्यासारंग दौलतखानाचे नाव घेतो, आणि घ्यावेच. पण त्यानंतर इंग्रजांच्या आगबोटींवर पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या आपल्या माणसांबद्दल क्वचितच कोणी लिहितो. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ब्रिटिश व्यापारी जहाजांवर सुमारे ५०,००० हिंदी खलाशी होते. म्हणजे साधारण दर चौघांत एक. डेकवर कोकणी मुसलमान बरेच, जेवणघरात गोव्याचे ख्रिस्ती, इंजिनाच्या आगीपुढे पंजाबी आणि सिल्हेटी. सारंग हा डेकवरच्या लोकांचा मुकादम, त्याच्या हाताखाली तांडेल, कसाब, खलाशी. भरती बरीचशी त्याच्याच मार्फत होई, म्हणून एका बोटीवर एका गावची, नात्यातली माणसे असत. भरतीसाठी पैसे खाणारे सारंगही होते, ते लपवण्यात अर्थ नाही.

पगार गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतका. १९०६ च्या कायद्याने ब्रिटिश खलाशाला झोपायला १२० घनफूट जागा ठरली. हिंदी खलाशाला ३६. यांच्या गरजा कमी, असे मालक लोक सांगत. जणू यांच्या घरी चुली पेटत नव्हत्या! १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच या खलाशांनी संप केले, शेकडो तुरुंगात गेले, तेव्हा कुठे पगार वाढला. त्याच युद्धात सहा हजारांहून अधिक हिंदी खलाशी मेले. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक मुंबईत मस्जिद बंदरजवळ, इंडियन सेलर्स होममध्ये आहे. रोज शेजारून लाखो लोक लोकलने जातात.

खलाशी म्हटला की लोकांना बंदराबंदरांत रमणारा, घर विसरलेला माणूस आठवतो. नली आणि मुलांच्या जन्मतारखा शेजारी ठेवून मी हिशेब केला. पाच मुलांपैकी एकाच्याच जन्माच्या वेळी दादा घरी होते. पण घर विसरलेल्या माणसाची पत्रे अशी नसतात. ते मुलांच्या पावलांची मापे मागवत. दादी प्रत्येकाच्या पावलाइतका दोरा तोडून पाकिटात घाली. थोरल्याच्या दोऱ्याला एक गाठ, दुसऱ्याच्याला दोन. ते पाकीट बोटीला गाठेपर्यंत आणि बूट घेऊन दादा येईपर्यंत पाय वाढलेले असत. म्हणून ते दोऱ्यापेक्षा बोटभर मोठेच बूट घेत. अब्बा सांगतात, तरीही कधीकधी घट्ट व्हायचे.

दादीला वाचता येत नव्हते. पत्र गावातले मास्तर ओट्यावर बसून मोठ्याने वाचत, शेजारीपाजारी ऐकायला जमत. त्यामुळे जुन्या पत्रांत सगळा व्यवहार आहे: मनीऑर्डर पोचली का, कौले बदलली का, म्हैस किती दूध देते. मात्र एक वाक्य जवळजवळ प्रत्येक पत्रात येते, पोरीला शाळेतून काढू नका. त्या काळी आमच्या गावात मुलीला चौथीपुढे ठेवणे म्हणजे चर्चेचा विषय होता. दादीने चर्चा सोसली, फुफी सातवी झाली, आणि पत्रे ओट्याऐवजी माजघरात वाचली जाऊ लागली.

त्यानंतरची पत्रे लांब आहेत. दादीची कंबर अजून दुखते का, हे त्यांत पहिल्यांदा विचारलेले आहे.