नाशिकच्या थंडीत कोई माशांच्या तळ्याला हीटर लावावा का?

डिसेंबर लागला की नाशिककरांच्या मोबाईलवर एक बातमी ठरलेली असते, 'निफाडचा पारा घसरला'. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस तर कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात १.८ अंश सेल्सिअसची नोंद झाली होती. अशा दिवसांत द्राक्षबागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटतात. ज्यांच्या बंगल्यामागे कोई माशांचं छोटं तळं आहे, त्यांना मात्र वेगळीच काळजी लागते. कालपर्यंत हाताजवळ येऊन खाणारे मासे आज तळाशी गप्प बसलेले असतात. थंडीनं मरतील का? हीटर घ्यावा का? घ्यायचा तर कोणता?

थोडक्यात सांगायचं तर तळं पुरेसं खोल असेल, तर नाशिकमध्ये कोई जगवायला हीटर लागत नाही. तो लागतो उथळ टाक्यांना, पिल्लांना आणि आजारी माशांना. हे कसं ठरवायचं ते आता सविस्तर पाहू.

कोई थंडीतलाच मासा आहे

कोई म्हणजे रंगीत कॉमन कार्प. आपल्याकडे शेततळ्यात सोडतात तो सायप्रिनस याच जातीचा. रंगांसाठी त्याची पैदास जपानमधल्या निगाता भागातल्या भातशेतकऱ्यांनी सुरू केली आणि १९१४ च्या टोकियोतल्या प्रदर्शनानंतर तो जपानभर पोहोचला. निगाताच्या डोंगराळ गावांत हिवाळ्यात माणसाच्या उंचीपेक्षा जास्त बर्फ साचतो. वर बर्फ आणि खाली ४ अंशांचं पाणी, अशा तळ्यातही कार्प हिवाळा काढतो. तिथले उत्पादक निवडक मासे शेडमधल्या टाक्यांत नेऊन पाणी गरम ठेवतात, ते मुख्यतः हिवाळ्यातही त्यांची वाढ चालू राहावी म्हणून.

त्यामुळे थंडीत मासे तळाशी स्थिर राहिले, तर घाबरू नका. पाणी गार झालं की त्यांच्या शरीराचा वेग कमी होतो, भूक कमी होते. ही त्यांची विश्रांती आहे.

मग मासे हिवाळ्यात मरतात कशानं?

पहिलं कारण म्हणजे तापमानातली चढउतार. नाशिकच्या हिवाळ्यात पहाटे ९ अंश आणि दुपारी २८ अंश हे नेहमीचंच. हवेतला हा फरक दीड फुटाच्या टाकीत बराचसा पाण्यात उतरतो. मासा रोज वर-खाली हेलकावे खातो आणि त्याची प्रतिकारशक्ती ढासळते.

खोल तळ्याचं तसं नसतं. विहिरीचं पाणी पहाटे कोमट लागतं, ते शेतकऱ्याला माहीत असतं. थंडीच्या लाटेत द्राक्षबागेला पहाटे विहिरीचं पाणी देतात ते त्यासाठीच. मोठा पाणीसाठा हवेच्या नीचांकामागे धावत नाही, तो साधारण दिवस-रात्रीच्या सरासरीजवळ राहतो. म्हणून बाहेर ९ अंश असले तरी चार फूट खोल तळ्यातलं पाणी बरंच उबदार असू शकतं.

दुसरं कारण म्हणजे आपली माया. पाणी १० अंशांच्या खाली गेलं की माशांचं पचन जवळपास थांबतं. तरीही आपण 'उपाशी राहतील' म्हणून दाणे टाकत राहतो. न खाल्लेलं अन्न कुजतं, अमोनिया वाढतो. फिल्टरमधले जिवाणूही थंडीत मंद झालेले असतात, त्यामुळे पाणी बिघडतं.

आधी मोजा, मग खरेदी करा

एक साधा थर्मामीटर घ्या. आठवडाभर सकाळी ६ आणि दुपारी ४ वाजता, तळापासून फूटभर वरच्या पाण्याचं तापमान लिहून ठेवा. हवामानाच्या ॲपवरचा आकडा हवेचा असतो, तो इथे कामाचा नाही.

- सकाळी १५ अंश किंवा जास्त, दिवसभरात फरक ३ अंशांच्या आत: हीटर नको. खाणं थोडं कमी करा.
- सकाळी १० ते १५ अंश: रात्री तळं झाका. पचायला हलकं, गव्हांकुराचं खाद्य थोडंसं आणि दुपारीच द्या.
- १० अंशांच्या खाली: खाणं बंद.
- फरक ४-५ अंशांच्या वर: तळं उथळ आहे. आधी झाका, शक्य असेल तर पुढच्या उन्हाळ्यात खोल करून घ्या. तरीही भागलं नाही, तर हीटर.

विजेचं गणित

तळ्यात किती लिटर पाणी आहे ते काढायला लांबी, रुंदी आणि खोली फुटांत गुणा आणि पुन्हा २८.३ ने गुणा. आठ फूट लांब, साडेपाच फूट रुंद, चार फूट खोल तळ्यात साधारण ५,००० लिटर पाणी बसतं.

१,००० लिटर पाणी १ अंशानं तापवायला सुमारे १.१६ युनिट वीज लागते. म्हणजे ५,००० लिटर पाणी ५ अंशांनी तापवायला २९ युनिट. हा झाला फक्त चढवण्याचा खर्च. रात्रीत पाणी २ अंशांनी उतरलं आणि ते रोज विजेनं भरून काढायचं म्हटलं, तर साडेअकरा युनिट जातात. युनिटला १० रुपये धरले तर महिन्याला साडेतीन हजारांच्या आसपास.

पर्याय कोणते?

झाकण: सर्वांत स्वस्त आणि बहुतेकांना पुरेसं. पॉलिहाऊसचा प्लास्टिक पेपर नाशिकमध्ये सहज मिळतो. बांबूच्या चौकटीवर तो ताणून रात्री तळ्यावर ठेवा, हवेसाठी कडेला फट सोडा. धबधबा किंवा कारंजं असेल तर रात्री बंद ठेवा. माठातलं पाणी ज्या कारणानं गार होतं, त्याच कारणानं धबधबा तळं गार करतो. फिल्टर आणि हवेचा पंप मात्र चालूच राहू द्या.

थर्मोस्टॅटचा विजेचा हीटर: वेगळ्या ठेवलेल्या आजारी माशांसाठी किंवा पिल्लांसाठी उत्तम. ५०० लिटरच्या टाकीला साधारण ५०० वॅट पुरतात. एका मोठ्या हीटरऐवजी दोन लहान घ्या. एक बिघडून चालूच राहिला तरी पाणी उकळणार नाही, बंद पडला तरी दुसरा आधार देईल.

हीट पंप: हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो. एका युनिट विजेत साधारण तीन-चार युनिट उष्णता मिळते, हवा फार थंड असेल तर कमी. यंत्र महाग असतं. मोठं तळं आणि वर्षभर स्थिर तापमान हवं असेल तरच हिशेब जुळतो.

सोलर: नाशिकच्या हिवाळ्यात ऊन स्वच्छ असतं, त्यामुळे कल्पना चांगली आहे. पण तळ्याचं पाणी तांब्याच्या नळ्यांतून थेट फिरवू नका, तांबं माशांना विषारी ठरतं. शिवाय सोलर दिवसा तापवतं, म्हणून रात्रीचं झाकण नसेल तर कमावलेली उष्णता पहाटेपर्यंत उडून जाते.

हे अजिबात करू नका

बादलीत पाणी तापवायचा रॉड तळ्यात टाकू नका. त्याला थर्मोस्टॅट नसतो आणि पाण्यात वीज उतरली तर माशांआधी हात घालणाऱ्या माणसाचा जीव जाऊ शकतो. तळ्याजवळची कोणतीही वायरिंग अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीशिवाय करू नका.

गिझरचं गरम पाणी ओतू नका. एकदम बसणारा तापमानाचा धक्का थंडीपेक्षा वाईट, आणि नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनचा त्रास वेगळा.

हीटर लावलाच, तर २५ अंशांचा हट्ट नको. १५-१६ अंशांच्या खाली पाणी जाऊ नये, एवढंच त्याचं काम. तापमान दिवसाला एखाद-दुसऱ्या अंशानंच वाढवा, आणि थंडी सरल्यावर तसंच हळूहळू उतरवा. वीज गेली तर पाणी किती वेगानं गार होतं तेही एकदा तपासून ठेवा, कारण २५ अंशांची सवय लागलेल्या माशाला लोडशेडिंगची एक रात्र भारी पडू शकते.

म्हणून हीटरची ऑर्डर देण्याआधी थर्मामीटर आणा. आठवड्याभराच्या चौदा नोंदी हातात आल्या की काय घ्यायचं आणि काय नाही, हे तुमचं तुम्हालाच कळेल.