एक पत्र आणि दोन स्वभाव

परराष्ट्रधोरण परिस्थिती ठरवते की माणूस? एकच उदाहरण घेऊ. ७ नोव्हेंबर १९५० रोजी सरदार पटेलांनी नेहरूंना एक मोठं पत्र लिहिलं. चिनी फौजा तिबेटात शिरल्या आहेत, उत्तर सीमेचा नव्याने विचार केला पाहिजे, असा त्याचा आशय. आता बघा, परिस्थिती दोघांपुढे एकच होती. पटेल संस्थानं विलीन करून आलेले व्यवहारी गृहमंत्री. नेहरू पडले इतिहासाचे लेखक. त्यांना चीन दिसायचा तो प्राचीन शेजारी, साम्राज्यशाहीने आपल्यासारखाच पिचलेला.

पटेल त्याच डिसेंबरात गेले. परराष्ट्र खातं तर १९४७ पासून शेवटपर्यंत नेहरूंकडेच. मग बरोबरीच्या नात्याने ‘जवाहरलाल, हे चुकतंय’ म्हणणारं उरलं कोण? माझ्या मते खरी अडचण ही होती. १९५४ साली पंचशील, १९६२ साली युद्ध.

पण सगळं खापर स्वभावावर फोडू नका हं. पटेलांचं ऐकलं असतं, तरी डोंगरातले रस्ते काय एका रात्रीत झाले असते? आणि जगावर विश्वास टाकणाऱ्या याच स्वभावाच्या धोरणामुळे १९५३ साली कोरियातल्या युद्धकैद्यांचा प्रश्न सोडवणाऱ्या आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे आलं. दोन्ही बाजूंना चालेल असा हा देश तेव्हा होता.