तळटीप : पिंपळगाव बसवंत

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात, पाराशरी नदीकाठी, मुंबई-आग्रा महामार्गावरील बाजारपेठ. सातबाराच्या फेरफारावरील अपिलाला इथल्या शेतकऱ्याला निफाड गाठावे लागते. तहसील, प्रांत तिथेच. दिवाणी न्यायालय मात्र पिंपळगावात आहे. ग्रामपंचायतीची जागा आता नगरपरिषदेने घेतली. तरी गावाची खरी कचेरी बाजार समितीच मानावी : टोमॅटोचा लिलाव २० किलोंच्या क्रेटवर पुकारला जातो, कांद्याचा भाव ट्रॉलीतला माल हाताने चाळून ठरतो आणि त्या आकड्यावर घरचे लग्न, सोसायटीचे कर्ज, द्राक्षबागेची छाटणी अवलंबून असते. मूळ लेखकाने हे सारे एका ओळीत उरकले, म्हणून ही टीप.