आत्याचा थकवा

मागच्या शनिवारी खाप्याला आत्याकडे जाऊन आलो. खापा म्हणजे आमच्या नागपूर जिल्ह्यातलं, सावनेर तालुक्यातलं, कन्हानच्या काठावरचं गाव. आसपास मँगनीजच्या खाणी, आणि एके काळी घरोघरी हातमाग. आत्याकडेही माग होता. ती कांड्या भरायला बसली की आम्हा पोरांना नुसतं बघूनच गरगरायचं.

हे २००६ पर्यंतचं. त्या वर्षी विदर्भात चिकनगुनियाची साथ आली. आत्याला ताप आला, गेला. सांधेही काही महिन्यांनी मोकळे झाले. थकवा मात्र मुक्कामालाच राहिला.

थकवा म्हणजे आपल्याला रिलीज संपल्यावर येतो तो नव्हे. तो दोन दिवस झोप काढली की उतरतो. आत्याचं वेगळंच. लग्नघरी दिवसभर ठीक असायची आणि दुसऱ्या दिवशी अंथरुणात. "झोपली तरी झोपल्यासारखं नाही वाटून राहिलं रे बाप्पा," म्हणायची. घरच्यांचं निदान ठरलेलं, रक्त कमी असेल! मग लोहाच्या गोळ्या, लाल टॉनिक. हिमोग्लोबिन चांगलं निघालं तेव्हा निदान बदललं, मनाचं आहे. शेजारपाजारचे तर सरळ आळशी म्हणायचे.

या "मनाचं आहे"लाही इतिहास आहे बरं का. जुलै १९५५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये एक विचित्र साथ आली. रुग्णांना फारशी नाही, कर्मचाऱ्यांनाच! २९२ जण आजारी पडले आणि हॉस्पिटल ऑक्टोबरपर्यंत बंद ठेवावं लागलं. पुढे या आजाराला मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस असं जीभ अडखळवणारं नाव मिळालं. १९७० साली मॅकएव्हेडी आणि बिअर्ड या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुने केसपेपर चाळले आणि हा सामूहिक हिस्टेरिया होता असं लिहून टाकलं. आजारी पडलेल्यांपैकी एकालाही त्यांनी तपासलं नव्हतं. त्यांचा एक मुद्दा असा, की आजारी पडलेल्यांत बायकाच जास्त! म्हणजे लॉग वाचून बग क्लोज, युजरला फोनसुद्धा नाही. १९८८ मध्ये अमेरिकेत क्रॉनिक फटीग सिंड्रोम हे नाव आलं. तिथल्या पेपरवाल्यांनी त्याआधीच 'यप्पी फ्लू' म्हणून चेष्टा सुरू केली होती, आपल्यासारख्या पगारदार तरुणांचं दुखणं म्हणून.

आपल्याकडे कुणी मोजलं का? मोजलं, आणि तेही गोव्यात. विक्रम पटेल आणि 'संगाथ'मधल्या मंडळींचा अभ्यास २००५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. १८ ते ५० वयाच्या सुमारे अडीच हजार बायका. त्यांतल्या १२ टक्क्यांना सहा महिने किंवा जास्त काळ थकवा होता. कमी शिक्षण, उपासमार, नवऱ्याकडून लैंगिक जबरदस्ती, नैराश्य, या सगळ्यांशी थकव्याचा संबंध दिसला. हिमोग्लोबिनशी दिसला नाही! म्हणजे यप्पी वगैरे काही नाही, आणि लाल टॉनिकचीही पंचाईत.

पण एक घोळ टाळायला हवा. गोव्यात मोजला तो थकवा, एक लक्षण म्हणून. क्रॉनिक फटीग सिंड्रोम हा आजार त्याहून नेमका. आत्याची गोष्ट मला सापडली ती ऑस्ट्रेलियातल्या डबो नावाच्या गावच्या अभ्यासात. तोही छापून आला २००६ मध्येच, योगायोग बघा. तीन वेगवेगळ्या जंतुसंसर्गांतून उठलेल्या २५३ जणांवर त्यांनी लक्ष ठेवलं. त्यातला एक रॉस रिव्हर विषाणू, म्हणजे चिकनगुनियाचा चुलतभाऊच. सहा महिन्यांनी साधारण १२ टक्के लोक थकव्याने आजारी होते. कोण? मूळ आजार ज्यांना जोरात झाला होता ते. स्वभाव, आधीचं मानसिक दुखणं यांवरून अंदाज बांधता येत नव्हता. तिन्ही जंतू वेगळे, पण मागे राहिलेलं दुखणं सारखंच.

हे नेमकं का होतं, याचं पक्कं उत्तर अजून नाही. २००९ मध्ये एक विषाणू सापडल्याचा गाजावाजा झाला. तो प्रयोगशाळेतल्या भेसळीचा प्रकार निघाला आणि २०११ मध्ये पेपर मागे घेतला गेला. खूण मात्र ठरली आहे. श्रम केले की दुखणं वाढतं, बऱ्याचदा एक-दोन दिवसांनी. कोविडनंतर कितीतरी जणांना हे स्वतःच्या अंगावर कळलं.

आता माझी चूक. काही वर्षांपूर्वी मी आत्याला पावलं मोजणारा बँड नेऊन दिला होता. "आत्या, ॲक्टिव्ह राहा, रोज थोडी थोडी पावलं वाढव." भाच्याने आणलं म्हणून ती आठवडाभर नदीपर्यंत चालली, आणि मग तीन आठवडे उठली नाही. २०२१ मध्ये ब्रिटनच्या नाइस संस्थेने या रुग्णांना ठरवून व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार देऊ नका असं सांगितलं, ते मी फार उशिरा वाचलं.

या शनिवारी बँड नातवाच्या मनगटावर होता. मी डबोचं सगळं तिला सांगितलं. ती भिंतीला टेकून ऐकत होती. मी येणार म्हणून आदला दिवस नुसती पडून होती, हे सुनेने नंतर सांगितलं.

"म्हणजे मी आळशी नाही, असं लिहून आहे का कुठं?"

"आहे."

"मराठीत आहे?"

मला तरी मराठीत सापडलं नव्हतं. हे लिहून झालं की मोठ्या टायपात प्रिंट काढून खाप्याला पाठवतोय.