कागद जपणें आणि कागद वाचणें

इतिहास म्हटला कीं सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढें लढाया, तह आणि राज्यारोहणें उभीं राहतात. परंतु गांवची पाटिलकी कोणाकडे होती, शिवेचा तंटा कसा मिटला, दुष्काळांत सारा किती सुटला, हाही इतिहासच होय. आणि त्याचीं साधनें बहुधा देशमुख, देशपांडे, कुळकर्णी यांच्या घरीं रुमालांत बांधलेलीं असतात. तीं बाहेर कशीं आणावयाचीं, आणि आणल्यावर त्यांचें काय करावयाचें, या दोन प्रश्नांस महाराष्ट्रानें दिलेलें उत्तर म्हणजे पुण्याचें भारत इतिहास संशोधक मंडळ.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनीं ७ जुलै १९१० रोजीं हें मंडळ स्थापिलें. त्यापूर्वींच, १८९८ सालीं, राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड निघाला होता. पुढें तिचे २२ खंड झाले. गांवोगांव हिंडून कागद मिळविणारा असा पुरुष विरळा. परंतु एकट्याचें काम त्याच्या आयुष्याबरोबर थांबतें. संस्था असली म्हणजे तें दुसऱ्याच्या हातीं देतां येतें.

कागद मिळविणें सोपें नव्हतें. कित्येक घरांतले रुमाल वाण्याच्या दुकानीं पुड्या बांधण्यास गेले, हें खरें. पण कित्येक घरांनीं ते फारच जपले होते. घरचा कागद म्हणजे वतनाचा पुरावा. ज्या इलाख्यांत १८५२ च्या कायद्यान्वये इनाम कमिशननें सनदा तपासल्या आणि अनेकांचीं इनामें खालसा झालीं, तेथें परक्यापुढें दप्तर सोडण्यास माणूस कचरला तर नवल काय? म्हणून संशोधकास आधीं विश्वास संपादावा लागे, आणि मग कागद.

असा विश्वास टाकल्यानें काय साधतें, याचें उत्तम उदाहरण जेधे शकावली होय. भोरजवळील कारी येथील जेधे देशमुखांच्या घरीं शके १५४० पासून शके १६१९ पर्यंतच्या घटनांची ही टिपणें होतीं. लोकमान्य टिळकांनीं तीं १९१६ सालीं प्रसिद्ध केलीं. तोंपर्यंत बखरींच्या आधारें शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ सालचा मानीत. शकावलींत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, अशी नोंद निघाली. १९२७ सालीं प्रसिद्ध झालेल्या परमानंदकृत शिवभारतानें तिला दुजोरा दिला. वाद त्यानंतरही बराच काळ चालला. पण दोन्ही पक्षांस तीच अक्षरें समोर ठेवून वाद करतां आला, हें छापण्याचें फळ. एका मावळी घराण्याचीं टिपणें अशा रीतीनें साऱ्या महाराष्ट्राची मिळकत झालीं.

येथें सुरक्षितता आणि ज्ञान यांतील भेद ध्यानांत घ्यावा. पुण्याचें पेशवे दप्तर सरकारच्या ताब्यांत सुरक्षित होतें, तरी बाहेरच्या अभ्यासकास त्याचें दार दीर्घकाळ बंदच होतें. रियासतकार सरदेसाई यांनीं संपादिलेले त्यांतील निवडक कागदांचे ४५ भाग १९३० ते १९३४ या काळांत निघाले, तेव्हां कोठें त्याचा लाभ घरोघरच्या वाचकास झाला. मंडळानें आरंभापासून दुसरी वाट धरली. मिळालेला कागद सभेंत वाचावा, त्यावर चर्चा व्हावी आणि तो मुळाबरहुकूम छापावा. त्रैमासिक आणि ‘शिवचरित्रसाहित्या’चे खंड यांतून ही रीत चालली. दत्तो वामन पोतदारांसारख्यांनीं संस्थेचा संसार वर्षानुवर्षें वाहिला. गणेश हरि खरे यांनीं फारसी कागद मराठी वाचकास खुले केले.

तथापि एक जुनी अडचण आज नव्या रूपानें उभी आहे. हे कागद बहुतांशीं मोडींत आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून शिकविली जाणारी ही लिपि पुढें अभ्यासक्रमांतून गेली, आणि नातवास आजोबांचें अक्षर परकें झालें. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसतो, शब्द सलग चालतात, घाईच्या हातानें वळणें आणखी बदलतात. मुळाक्षरें थोडक्या दिवसांत येतात, पण जुना कागद सरळ वाचण्यास बराच सराव लागतो. वाळवीपासून वाचलेला परंतु कोणासच न वाचतां येणारा कागद आणि वाळवीनें खाल्लेला कागद यांत इतिहासाच्या दृष्टीनें अंतर तें किती? यास्तव मंडळ मोडीचे वर्ग चालवितें, हें मला त्याच्या संग्रहाइतकेंच मोलाचें वाटतें.

वाचकांपैकीं कोणाच्या माळ्यावर असा रुमाल असेल तर तो रद्दींत जाऊं देऊं नये. मूळ कागद देणें जिवावर येत असेल तर निदान त्याची छायाचित्रें संशोधकांस द्यावीं. कागद कोणत्या घरचा, कोणत्या गांवचा, हें मात्र सोबत अवश्य लिहावें. ठावठिकाणा हरवलेल्या कागदाची अर्धी साक्ष बुडते. आणि घरांतील एका तरी मुलानें किंवा मुलीनें मोडी शिकावी. संस्थेनें कपाटें कितीही भरलीं तरी तीं उघडून वाचणारी माणसें घराघरांतूनच यावयाचीं आहेत.