कोराजनचं कूळ

उसातला खोडकिडा असो की मक्यावरची लष्करी अळी, कृषी सेवा केंद्रात जाऊन ‘कोराजन द्या’ एवढं म्हटलं की भागतं. क्लोरँट्रानिलिप्रोल हे आतल्या द्रव्याचं नाव घेण्याच्या भानगडीत कुणी पडत नाही. या औषधाचं कूळ शोधत गेलं तर आपण पोचतो त्रिनिदादच्या रानातल्या एका झुडपापाशी.

झुडपाचं नाव रायनिया स्पेसिओसा. १९४०च्या दशकात अमेरिकेत मक्यातला खोडकिडा मारायला त्याच्या खोडाची पूड वापरात आली. १९४८ साली मर्कच्या रसायनतज्ज्ञांनी तिच्यातलं विष वेगळं काढलं, ते रायनोडिन. पण हे विष अळीइतकंच सस्तन प्राण्यांनाही भोवतं. त्यात डीडीटीचा जमाना सुरू झालेला. शेतीतून रायनिया मागं पडलं.

प्रयोगशाळेनं मात्र ते सोडलं नाही. स्नायू आकसतो तो पेशीतल्या कोठारातून कॅल्शियम सुटल्यावर, आणि रायनोडिन नेमकं त्या कोठाराच्या झडपेला घट्ट चिकटतं. १९८०च्या दशकात किरणोत्सारी रायनोडिन चिकटवून त्याच्या मागानं हे प्रथिन शोधून काढलं गेलं. विषाचंच नाव त्याला पडलं : रायनोडिन रिसेप्टर. १९८९ मध्ये क्योतोच्या शोसाकू नुमा यांच्या गटानं सशाच्या स्नायूतल्या रिसेप्टरचा जनुकक्रम वाचला. पाच हजारांहून जास्त अमिनो आम्लांचं हे अवाढव्य प्रथिन.

आता झडप सापडली, जनुक हाती आलं, मग कंपन्यांनी त्यावर बेतून औषध घडवलं असेल, असं वाटतं ना? तसं झालं नाही. जपानच्या निहोन नोहयाकु कंपनीत तणनाशकांच्या शोधात तयार झालेल्या रेणूंपैकी काहींमुळं अळ्या मरताना दिसल्या, त्याही वेगळ्याच तऱ्हेनं : अंग आकसून. त्यातून फ्लुबेंडियामाइड आलं. मग अमेरिकेत ड्यूपाँटनं तो सांगाडा बदलत नेला आणि क्लोरँट्रानिलिप्रोल घडवलं. २००७-०८च्या सुमारास ते बाजारात उतरलं. पुढं २०१७ मध्ये ते एफएमसी या कंपनीकडं गेलं. रेणूशास्त्रानं नवी कीटकनाशकं शोधली, असं आज सर्रास म्हटलं जातं. इथं तरी पहिला मान अळीकडं टक लावून बसणाऱ्यांचाच, असं माझं मत.

जीवशास्त्रज्ञांचं काम त्यानंतरचं. झुरळाच्या चेतापेशींवर हे द्रव्य टाकलं की आत साठलेलं कॅल्शियम सुटतं, हे त्यांनी पाहिलं. फळमाशीचं जनुक दुसऱ्या पेशीत घातलं, तर तीही तसंच करू लागली. आणि एक मजा निघाली. नवं द्रव्य रायनोडिनच्या जागेवर बसतच नव्हतं. घर तेच, दार वेगळं. कीटकांत या रिसेप्टरचं जनुक एकच, सस्तन प्राण्यांत तीन; त्या तिन्हींवर या औषधाचा जोर शेकडो पटींनी कमी. रायनियाला न साधलेली गोष्ट इथं साधली.

अळी काही मिनिटांत खाणं थांबवते. पण हे सुख फार काळ टिकलं नाही. फिलिपिन्स आणि थायलंडमध्ये कोबीवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग दाद देईना. २०१२ मध्ये कारण कळलं : त्या लांबलचक साखळीत ४९४६व्या जागी ग्लायसीनऐवजी ग्लुटामिक आम्ल. पुढं जनुक-कात्री वापरून हाच एक बदल लष्करी अळीच्या एका जातीत केला, तर तीही औषधाला पुरून उरली. म्हणजे दोष फवाऱ्यात नव्हता की पाण्यात नव्हता. २०२० मध्ये अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सशाच्या रिसेप्टरवर क्लोरँट्रानिलिप्रोल कुठं बसतं, तेही दिसलं. आता नवा रेणू बेतताना ही जागा डोळ्यांसमोर असते.

भारतात २०२२च्या ऑगस्टमध्ये क्लोरँट्रानिलिप्रोलचं मूळ पेटंट संपलं आणि तेच द्रव्य कितीतरी नावांनी दुकानात आलं. फ्लुबेंडियामाइड, सायँट्रानिलिप्रोल ही भावंडं होतीच. शेतकरी बाटली बदलतो, त्याला वाटतं औषध बदललं. कीटकनाशक मारतं कसं, यावरून आयरॅक ही संस्था वर्गवारी करते; तीत मात्र या सगळ्यांवर एकच आकडा असतो : २८.